नसलेल्या बाईची खोली उभी करताना

प्रश्न असा आला आहे: मुंबईच्या गिरणगावातल्या एका खानावळवाल्या बाईची खोली आर्ट गॅलरीत उभी करायची आहे. बाई पूर्णपणे कल्पनेतली, काळ साधारण १९६० ते १९८५. विचारणारी नुकतीच कलाशिक्षण संपवून बाहेर पडलेली आहे, हाताशी पैसे बेताचे. सुरुवात लेखनापासून करू की वस्तूंपासून? ही बाई कधी नव्हतीच, हे बघणाऱ्याला सांगू की नको? आणि खोली ‘सिनेमाचा सेट’ वाटू नये म्हणून काय करू?

मी नाटकाच्या नेपथ्यातून या कामात आले, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते.

रंगमंचावरचा प्रेक्षक वीस-पंचवीस फूट लांब असतो. कपाटाचा खण उघडला नाही तरी चालतं, मसाल्याच्या डब्यात काही नसलं तरी कुणाचं बिघडत नाही. मांडणशिल्पात (इन्स्टॉलेशनमध्ये) माणूस थेट खोलीत शिरतो. डबा उघडून वास घेतो, गादीचं टोक उचलून खाली बघतो, देव्हाऱ्यातल्या फोटोमागे काय खोचलंय ते वाकून पाहतो. मुंबईकर तर हमखास. पण खोली सेट वाटते ती वस्तू कमी पडल्या म्हणून नाही. सगळ्या वस्तू एकच गोष्ट घोकत असतात म्हणून. कंदील, पाटा-वरवंटा, पितळी तांब्या, सासूबाईंचा हार घातलेला फोटो: सगळं ‘जुनं’ आणि ‘आपलं’. ते कुणाचं, याचा पत्ता नाही.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. तिथल्या काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या. जरूर बघून या. कारागिरी बघत राहावी अशी आहे, पण त्यात एकही माणूस नाही, आहेत ते नमुने. तुमच्या खोलीला सगळ्यात मोठा धोका हाच. ‘गिरणगावची खानावळवाली’ नावाचा नमुना तयार होईल आणि बाई दारातच राहील.

माझं म्हणणं एवढंच आहे की कल्पनेतलं माणूस हिशोबातून उभं राहतं. तिला काय परवडत होतं, दहा बाय बाराच्या खोलीत काय मावत होतं, वाण्याचं किती देणं होतं आणि तिचं कुणाकडे किती येणं होतं. तिचं दुःख, तिची स्वप्नं वगैरे पानंच्या पानं लिहून ठेवलीत तर ती पानं तुमच्याच कामाची. खोलीत त्यातलं काही दिसत नाही. दिसतो तो हिशोब.

तेव्हा लेखन आधी की वस्तू आधी, याचं उत्तर: आधी आडनाव.

तिचं नाव तुम्ही अजून ठरवलेलं नाही हे बरंच झालं. आपल्याकडे आडनाव ठेवलं की निम्मी खोली ठरून जाते. कोकणातली की घाटावरची, देव्हाऱ्यात कोण, सणाला काय शिजणार, सुकट चालते का, गावाला बोटीने जायचं की एसटीने. गिरणीत पहिल्या पाळीला जाणारे, तिसऱ्या पाळीहून परतणारे एकटे पुरुष महिन्याच्या बोलीवर जेवायचे, आणि ते बहुतेक आपल्याच गावच्या, आपल्याच जातीतल्या बाईकडे. म्हणजे तिच्या आडनावावरून तिच्या गिऱ्हाइकांची यादी ठरते आणि त्या यादीवरून कोण गिरणीच्या कुठल्या खात्यात, हेही बरंचसं ठरतं. विणकाम खात्यात धोट्यातून (मागावरच्या शटलमधून) दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेत नसत. पगार जास्त तिथेच. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या काळातच पुढे आणला होता. तुमच्या काळापर्यंत कागदावर बरंच बदललेलं असलं, तरी ज्यांचे बाप रिंग (सूतकताई) खात्यात होते त्यांची मुलं कुठे चिकटली असतील, याचा विचार केल्याशिवाय यादी करू नका. ‘तटस्थ’ आडनाव घेऊन यातून सुटता येईल असं वाटत असेल, तर तसं आडनाव मराठीत मला अजून सापडलेलं नाही.

आता वही. सगळ्या खोलीत एकच वस्तू जिवापाड मन लावून करायची असेल तर ती खानावळीची वही. पण ही वही लिहिणार कोण? त्या पिढीतल्या कितीतरी खानावळवाल्यांना लिहिता येत नव्हतं. मग शेजारच्या खोलीतला शाळकरी पोरगा संध्याकाळी येऊन लिहायचा, बदल्यात एक भाकरी किंवा शनिवारी पाच पैसे. हे धरलंत की वही एकदम बोलायला लागते. १९६१ चं अक्षर चौथीतल्या मुलाचं: शिरोरेघा पट्टीने ओढलेल्या, ‘शीधा’ ऱ्हस्व की दीर्घ याचा पत्ता नाही. चार-पाच वर्षांनी तेच अक्षर घाईचं, तिरकं. मग एके दिवशी तो मुलगाच गिरणीत लागतो आणि पुढच्या पानापासून दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर सुरू होतं. लिहिणारा मुलगा कुठे दिसत नाही, पण वहीत त्याचं बालपण सरतं. बाईची स्वतःची खूण म्हणजे मार्जिनमधल्या उभ्या रेघा. कोण किती वेळा जेवला ते ती रेघांनी मोजते, आणि पोराच्या बेरजेशी जुळलं नाही तर तिच्या रेघाच खऱ्या.

पानाची रचना साधी ठेवा. डाव्या बाजूला नाव, गाव, खातं. उजवीकडे महिन्याची रक्कम, जमा, बाकी. दशमान नाणी १९५७ च्या एप्रिलपासून आली, तेव्हा १९६० च्या पानावर आकडे रुपये-पैशांत हवेत. बोलताना ‘चार आणे’ म्हणणारी माणसं पुढे कितीतरी वर्षं होती, पण वहीत पंचवीस पैसे.

आणि मग १८ जानेवारी १९८२. कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तुमच्या वहीत ‘संप’ हा शब्द लिहू नका. फेब्रुवारीत जमा कमी होते. मार्चमध्ये बाकीची बाजू भरते. एप्रिलनंतर एकेका नावापुढे ‘गावी’ असं लिहिलेलं येतं. काहींची बाकी तशीच राहते, एखाद्याची पुढच्या वर्षी मनिऑर्डरने अर्धी येते. शेवटच्या पानांवर चार-पाच नावं, तीही गिरणीची नाहीत: एक टॅक्सी चालवणारा, एक बँकेतला शिपाई. लोक या वहीपाशी थांबतात, आणि जे बाकी काहीच वाचत नाहीत तेही शेवटचं पान उलटतात.

वहीखालोखाल भांडी. स्टीलच्या भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत तुम्हाला आयती मिळालेली आहे: कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, तारीख. वास्तुशांतीचा डबा, बारशाची वाटी, ‘यांचे स्मरणार्थ’ दिलेलं ताट. चोरबाजारात किंवा मोडीच्या दुकानात भांडी घ्याल तेव्हा त्यांवर खऱ्या माणसांची नावं असतील. ती तशीच मांडू नका. घासून काढा किंवा कोरी भांडी घ्या. नाव घालणारा कारागीर भांड्यांच्या दुकानात अजूनही बसलेला असतो, त्याच्याकडून तुमच्या बाईची नाती त्या भांड्यांवर लिहून घ्या. तीन भावांपैकी दोघांचीच नावं भांड्यांवर आली, तर तिसऱ्याशी काहीतरी फाटलं होतं हे बघणाऱ्या बायका बरोबर ओळखतात. पुरुषांना सहसा दिसत नाही. रोजच्या वापरात मात्र जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) पातेली आणि परात, कारण पंधरा-वीस माणसांचं स्टीलमध्ये तिला परवडणारं नव्हतं. स्टील फळीवर, उपडं, मोजून. नवीन ताटांसाठी बोहारणीला किती जुनी लुगडी द्यावी लागतात, हा हिशोबही तिच्या डोक्यात पक्का असणार.

कर्जाचं विसरू नका. वाण्याचं उधार पगाराच्या तारखेपर्यंत, त्यात एखाद्या गिऱ्हाइकाने बुडवलं की सावकार. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांना घेऊन, आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. तुमची बाई त्यात गेली की नाही, हे तुम्हाला ठरवावं लागेल. गेली असेल तर १९७५ नंतर कुठेतरी पासबुक येतं, सही किंवा अंगठा येतो, फोटो काढायला ती पहिल्यांदा स्टुडिओत जाते. नसेल गेली, तर का नाही? नवऱ्याने जाऊ दिलं नाही, की वाणीच तिचा गाववाला होता? एवढं एक ठरवलंत की पुढची दहा वर्षं आपोआप लिहिली जातात.

भिंती. इथे सगळे घाई करतात. कागदाला चहाचं पाणी आणि भिंतीला तपकिरी रंग फासला की झालं जुनं, ही समजूत कॉलेजच्या एकांकिकांपुरती ठीक. चहात बुडवलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा होतो. खरा कागद कडांकडून करपतो, घडीवर फाटतो आणि स्वयंपाकघरात असेल तर तेलाच्या थेंबांनी जागोजागी पारदर्शक होतो. भिंतीला खरोखरच थर द्या: खाली चुना, त्यावर नीळ घातलेला चुना, त्यावर कमरेइतका हिरवा ऑइलपेंट. मग खिळा ठोकून उपसा. पोपडा निघतो तिथे तिन्ही रंग दिसतात. स्टोव्हच्या वर धुराचा पट्टा, तोही सरळ वर नाही तर खिडकीच्या दिशेने झुकलेला. दाराच्या चौकटीवर हाताचा मळ, हात पोचतो त्या उंचीला.

आणि डोक्याच्या तेलाचे डाग. जेवून झाल्यावर माणसं पाटावरून न उठता घटकाभर भिंतीला टेकतात. जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर एका ओळीत तेलकट गोल उमटतात. माणसागणिक उंची वेगळी, एखादा डाग बाकीच्यांपेक्षा गडद, कारण तो कोपरा कुणाचातरी ठरलेला. डाग करायला भिंतीला तेल लावू नका; ओघळ येतो आणि लगेच कळतं. जुन्या रुमालावर तेल आणि थोडी राख घेऊन एकाच जागी हलक्या हाताने, रोज थोडं थोडं चोळा. वहीतल्या नावांची संख्या आणि भिंतीवरच्या डागांची संख्या यांचा मेळ बसवा. पंगती दोन बसत असतील तर डाग निम्मे.

तारखांचं भान ठेवा, कारण मुंबईत चूक काढणारा पहिल्या दहा मिनिटांत भेटतो. भिंतीवर ‘कालनिर्णय’ लावायचं असेल तर ते १९७३ पासूनचं. त्याआधी गिरणीच्या दुकानाचं किंवा वाण्याचं देवाच्या चित्राचं कॅलेंडर. तारखांच्या चौकोनात दुधाचा हिशोब हवाच. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला; त्याआधीच्या पाकिटावर ‘परळ, मुंबई १२’, नंतरच्यावर ४०००१२. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून, आणि तेव्हासुद्धा चाळीत टीव्ही असेल तर एकाच्या घरी. तिच्याकडे नाही. तिच्याकडे टीव्ही आला तर गिऱ्हाइकं उठणारच नाहीत.

सरकारी कागद जपून. राजमुद्रेच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधनं आहेत, आणि नोटांसारखे दिसणारे कागद छापणं हा सरळ गुन्हा आहे. रेशनकार्ड दाखवायचंच असेल तर ते कापडी पिशवीतून कोपरा बाहेर आलेलं पुरे. तसंही कुणाच्या घरात रेशनकार्ड भिंतीवर टांगलेलं नसतं.

फोटोंबद्दल मी हट्टी आहे. रद्दीत आणि चोरबाजारात मिळणारे स्टुडिओतले जुने फोटो मोहात पाडतात, पण ती कुणाची तरी आई असते, आणि त्या घरातलं कुणी लालबागमधून चालत येऊन तुमच्यासमोर उभं राहू शकतं. फोटो स्वतः काढा. झोई लेनर्ड यांनी १९९३ ते ९६ या काळात फे रिचर्ड्स नावाच्या एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा अख्खा फोटोसंग्रह तयार केला, ७८ कृष्णधवल आणि ४ रंगीत छायाचित्रं. ही अभिनेत्री कधी नव्हतीच. शेरिल डन्ये यांना आपल्या चित्रपटासाठी अशा बाईचा भूतकाळ हवा होता, आणि तशा बायकांचा भूतकाळ कुठल्याच संग्रहात नीट ठेवलेला नव्हता. नट-नट्यांना त्या त्या दशकाचे कपडे घालून, त्या त्या दशकासारखा उजेड ठेवून फोटो काढले आणि मग ते जुने केले. कल्पनेतलं माणूस उभं करायला याहून चांगलं कारण मला माहीत नाही. खानावळवाल्यांचंही तेच आहे. गिरणीमालकांची तैलचित्रं आहेत, पुढाऱ्यांचे पुतळे आहेत, आणि ज्यांच्या भाकरीवर पाळ्या चालल्या त्यांचे फोटो फार तर लग्नातले, मागच्या रांगेत. तुमच्या बाईचेही तीनच फोटो ठेवा, त्यात एक मागच्या रांगेतला.

आता सांगायचं की लपवायचं.

दोन्ही करून झालेलं आहे. लिन हर्शमन लीसन यांनी १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या दान्ते हॉटेलात खोली भाड्याने घेऊन त्यात नसलेल्या माणसांचं सामान मांडलं, पलंगावर मेणाच्या आकृती झोपवल्या. खोली रात्रंदिवस उघडी. शेवटी त्या आकृती बघून घाबरलेल्या कुणीतरी पोलिसांना बोलावलं. इरिस हॉइसलर यांनी २००६ मध्ये टोरांटोतल्या एका साध्या घरात योझेफ वागेनबाख नावाच्या एकलकोंड्या शिल्पकाराचं आयुष्य उभं केलं आणि आलेल्यांना ते घर खरं म्हणूनच दाखवलं. नंतर उलगडा झाल्यावर काही जण हरखले, काहींना आपण फसवले गेलो असं वाटलं. याउलट लंडनच्या स्पिटलफिल्ड्समध्ये डेनिस सेव्हर्स यांनी रेशीम विणणाऱ्या जर्विस कुटुंबाचं घर केलं. कुटुंब कल्पनेतलं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी अर्धवट सोडलेलं जेवण बघून लोक आवाज खाली करतात. इस्तंबूलमध्ये ओरहान पामुक यांनी २०१२ साली उघडलेल्या ‘निरागसतेच्या संग्रहालयात’ तर त्यांच्या कादंबरीतल्या नायिकेने ओढलेल्या म्हणून ४,२१३ सिगारेटची थोटकं भिंतीवर टाचलेली आहेत. ही नायिका खरी नव्हती हे तिकीट काढतानाच माहीत असतं. थोटकं बघायला लोक तरी थांबतातच.

म्हणजे सांगितल्याने काम पडतं असं नाही. आणि तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: दारातच सांगा. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न अजून संपलेला नाही. म्हाडाच्या सोडतीत नाव लागेल म्हणून थांबलेली कुटुंबं आजही कागद सांभाळून आहेत. अशा घरातली एखादी म्हातारी येऊन तुमच्या वहीत नवऱ्याचं नाव शोधायला लागली, तर तिला ‘ही कला आहे’ असं सांगायची वेळ तुमच्यावर येऊ नये. दाराशी ठळक मराठीत एवढं लिहा: ही बाई काल्पनिक आहे, संप, गिरण्या आणि उधारी खरी आहे. आत मात्र एकही पाटी नको, बाण नको, हेडफोन तर मुळीच नको.

तिच्याबद्दल काही सांगायचंच असेल तर शेजाऱ्यांकडून. इल्या काबाकोव्ह यांच्या १९८५ च्या मांडणशिल्पात एक माणूस मॉस्कोतल्या सामायिक घरातल्या आपल्या खोलीतून छत फोडून अवकाशात उडून गेलेला असतो. खोली फळ्या ठोकून बंद, फटीतून बघायचं. आत गोफणीसारखा झोपाळा, छताला भोक. काय घडलं ते शेजारी सांगतात, आणि त्यांना सगळं ठाऊक असतंच असं नाही. चाळीत तर हे आयतंच आहे. खोलीबाहेर चाळीच्या गॅलरीचा तुकडा उभा करा, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, आणि तिथे दोन-तीन शेजारणींचे आवाज हळू ठेवा. त्यांचं एकमेकींशी पटलेलं नसावं. एक म्हणते बाई देवमाणूस, दुसरी म्हणते डाळीत पाणी किती घालायची ते मला विचारा.

वासाचं थोडक्यात: रॉकेल आर्ट गॅलरीत आणू देणार नाहीत, आणि देऊ नयेच. सुकटीचा वास खराच हवा असेल तर डबा घट्ट झाकणाचा ठेवा, ज्याला हवा तो उघडेल. उद्घाटनाला वाइनचा ग्लास घेऊन आलेल्यांपैकी कोण झाकण लगेच लावतं ते बघण्यासारखं असतं. दिवा एकच, पिवळा, छताच्या मधोमध लोंबणारा. गॅलरीचे स्पॉट बंद करायला लावा, भांडून.

प्रदर्शन पावसाळ्यात घेऊ नका. जूनमध्ये कागद फुगतो, जुलैत बुरशी धरते आणि वहीच्या शिवणीतली खळ कसर खाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. काळा घोडा महोत्सवाच्या गर्दीचा मोह होईल, पण या खोलीत एका वेळी चारच माणसं सोडायला हवीत आणि त्या रेट्यात ते जमणार नाही. परळ-लालबागमधला एखादा शाळेचा किंवा मंडळाचा हॉल बघा. भाडं कमी पडेल आणि चुका सांगणारी माणसं फुकट भेटतील. उद्घाटनाच्या आधी दोन दिवस खानावळ चालवलेल्या एक-दोन आजींना बोलावून नुसतं खोलीत बसवा. त्या पाटाची जागा बदलतील. बदलू द्या.

बाकी सगळं मागाहून जमेल, वहीला मात्र वेळ लागतो. चौथी, सातवी आणि दहावीतली तीन मुलं शोधा, त्यांना जुन्या पद्धतीच्या ओळीच्या वह्या, पेन्सिल आणि शाईपेन द्या, रोज दोनच पानं लिहायला सांगा आणि पानामागे ठरवून पैसे द्या. त्यांच्या शुद्धलेखनाला हात लावू नका.